उत्तरेची पडवी

शुक्रवार, ३ नोव्हेंबर १८५४

मुलगी होती. रडली नाही.

सुईणीने पालथी धरून पाठ थोपटली, थंड पाण्यात बुडवली, मग कोमट पाण्यात. मग स्वतःचा ॲप्रन सोडला आणि तिच्यावर टाकला. तेव्हा मला कळलं. तोवर मी मूर्खासारखी विचारत होते, काय झालं, मुलगा की मुलगी.

जेबेझला कुणीतरी कामावरून बोलावून आणलं. भुवयांत, कानांत सगळी दगडाची धूळ. एरवी या माणसाचं तोंड झोपेतही मिटत नाही. आज तो खाटेच्या कडेला नुसता बसून राहिला.

शनिवार, ४ नोव्हेंबर

जेबेझ खालच्या गावात जुन्या चर्चमध्ये जाऊन आला. पाच मैल उतरायचं, पाच मैल चढायचं. तिथल्या कबर खणणाऱ्याने सांगितलं – बाप्तिस्मा नाही म्हणजे पवित्र जमिनीत जागा नाही. भिंतीमागे, उकिरड्याच्या अंगाला. घंटा नाही, प्रार्थना नाही. "आणि लोक उठायच्या आत आण बाबा, टोपलीत घालून."

मग जाता जाता म्हणाला म्हणे, "सोमवारी एक म्हातारी पुरायची आहे. म्हणत असलास तर तिच्या पेटीत पायाशी ठेवून देतो. सगळीकडे करतात. कुणाला कळतंय?"

दयेनेच म्हणाला असेल. पण कोण कुठली म्हातारी! तिला स्वतःची नातवंडं असतील. माझी मुलगी तिने का म्हणून सांभाळावी? मी नाही म्हटलं. मग रडले, काल रडायचं राहिलं होतं ते सगळं.

गल्लीतली पोरं उद्याच्या सणाच्या शेकोटीसाठी लाकडं मागत आली. जेबेझने एक फळी दिली नाही. आम्हालाच हव्या होत्या.

रविवार, ५ नोव्हेंबर

जेबेझच्या डोक्यात काहीतरी आलं आहे.

टेकडीवर आमचं नवं चर्च बांधताहेत. दोन वर्षं झाली, जेबेझ तिथेच पाथरवट आहे. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या, छप्पर अजून नाही. भोवतालची जागा म्हणजे नुसती चार खुंट्या ठोकलेली जमीन, मेंढ्या चरतात. वसंतात बिशप येईल, हद्दीवरून स्तोत्रं म्हणत चालेल, तेव्हा ती पवित्र व्हायची.

"म्हणजे आज ती पवित्र नाही," जेबेझ म्हणाला. "आज तिथे ठेवायला कुठला कायदा आडवा येतो? आणि बिशप येईल तेव्हा आपली पोर आधीच आत असेल. त्याची प्रार्थना सबंध जमिनीवर पडणार, टॅमर. बाकीच्या जमिनीवर पडावी आणि हिच्यावर नको, असं थोडंच होतं."

मी म्हटलं, ही देवाची फसवणूक झाली.

"देवाची कसली? त्या खालच्या कबर खणणाऱ्याची झाली तर झाली."

मंगळवार, ७ नोव्हेंबर

झालं. पहाटे कामावर जाताना हत्यारांच्या पिशवीतून घेऊन गेला. उत्तरेच्या कुंपणाशी, जिथे ब्लॅकबेरीची जाळी आहे. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून गेले नाही. पेटीत माझी लोकरी शाल घातली, लग्नातली.

जेबेझला बजावलं आहे, कुणापाशी बोललास तर बघ! त्याच्या पोटात काही राहत नाही. डॉर्कसच्या खानावळीत बिअरचा एक पेला आत गेला की घरात काय शिजलं ते सबंध हॅगरॉइड गावाला कळतं. मागच्या वर्षी माझ्या दुखऱ्या दाढेची चौकशी करायला अनोळखी माणसं येत होती.

"नाही बोलणार," म्हणाला. बघू.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

दूध येतंय. कुणासाठी?

रविवार, १८ फेब्रुवारी १८५५

बर्फ. चर्चचं काम थंडावलंय, चुना धरत नाही म्हणतात. तरी जेबेझ रोज जातो. काल गुडघ्यांना चिखल लावून आला – धूळ नव्हे, चुना नव्हे, काळा चिखल. विचारलं तर म्हणाला, पाण्याला वाट काढतोय. या महिन्यात तिसऱ्यांदा. गोठलेल्या जमिनीतून कसलं पाणी वाहणार, पण मी वाद घातला नाही. हल्ली संध्याकाळी तो गप्प असतो. मला वाटतं तोही तिची आठवण काढतो.

सोमवार, २१ मे

उद्या बिशप येणार आणि आठवडाभर पाऊस थांबला नाही. आज दुपारी त्यांचा कारभारी जागा बघून गेला. काळे रेशमी मोजे, चिखलाकडे बघून नाक वर. म्हणाला, उत्तरेचा कोपरा म्हणजे दलदल आहे, साहेबांना तिकडून नेता येणार नाही. मिरवणूक भिंतीलगतच्या वाटेने वळवू.

म्हणजे कोपरा बाहेर राहणार. ती बाहेर राहणार! सहा महिने मी फक्त या एका दिवसाकडे डोळे लावून बसले होते.

जेबेझ ऐकताच टोपी घालून निघाला. परांचीच्या फळ्या सोडवून तो दिवे लागेपर्यंत कोपऱ्याभोवती अंथरत होता. मीही गेले, खाली दगड लावायला. मुकादम ओरडला, फळ्या फुकट जातील म्हणून. जेबेझ म्हणाला, "साहेबांचा पाय घसरला तर तुझं नाव सांगू का?"

मंगळवार, २२ मे

चालला! बिशप चालला, सबंध कोपऱ्याला वळसा घालून, एक हात कारभाऱ्याच्या खांद्यावर, एक हात झग्यावर. फळ्यांच्या मधे चिखल उरला होता तिथे कुणीतरी सकाळीच पेंढा टाकून ठेवला होता, चांगला चार गाड्या तरी असेल. कुणी टाकला कोण जाणे. बिशप थांबून म्हणाला, "या गावात फार भाविक लोक दिसतात."

त्यांचा आवाज बारीक आहे. पण मी कुंपणापाशी उभी होते. शब्दन् शब्द ऐकला. ती जिथे आहे तिथेही पोचला असणार, दोन हात तर अंतर.

जेबेझ माझ्या शेजारी टोपी छातीशी धरून रडत होता. लोकांना वाटलं आपल्या हातच्या चर्चला आशीर्वाद मिळाला म्हणून.

शनिवार, १० ऑक्टोबर १८५७

मुलगा. इनॉक. रडला – शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं! दुसऱ्या दिवशीच बाप्तिस्मा करून घेतला. पाणी डोक्यावर पडेपर्यंत मी नीट श्वास घेतला नव्हता. आता मागवून ओटच्या भाकऱ्या खातेय.

बुधवार, १८ मार्च १८६३

केटूरा ग्रीनवुडशी भांडण झालं. चर्चच्या व्यवस्थेतला मुख्य पंच म्हणजे तिचा नवरा, म्हणून चर्च हिच्या माहेरून आणल्यासारखी वागते.

मी नेहमीप्रमाणे टोपली घेऊन उत्तरेच्या जाळीपाशी गेले. कुणी विचारलं तर ब्लॅकबेरी बघायला आलेय म्हणते. तर ही बया आधीच तिथे! तीही टोपली घेऊन. मला बघून दचकली.

"काय शोधतेस गं टॅमर?"

"ब्लॅकबेरी."

"मार्चमध्ये?"

"मग तू काय करतेस?"

"मीपण तेच."

वर म्हणते, "तू नेहमी येऊन जाळी तुडवतेस, म्हणून फळ धरत नाही." मी म्हटलं, जाळी तुझ्या बापाची नाही. ती म्हणाली, तुझ्याही नाही. दोघी टोपल्या घेऊन दोन दिशांना गेलो. बाईला दुसऱ्याच्या मागावर राहायची खोडच आहे. तिच्यामुळे मला तिथे पाच मिनिटं निवांत मिळत नाहीत.

सोमवार, ३ नोव्हेंबर १८७३

एकोणीस वर्षं.

जेबेझची छाती भरत आलीय. दगडाची धूळ, डॉक्टर म्हणतात, काही करता येत नाही. पाथरवटांचं हेच होतं. बोलणं सुटलेलं नाही मात्र. धाप लागत लागत परवा डॉक्टरला बोकडाची गोष्ट सांगितली, ती मी चाळीस वेळा ऐकली असेल.

शुक्रवार, १२ डिसेंबर १८७३

जेबेझ गेला. बुधवारी, दुपारी.

शेवटी म्हणाला, "सगळं नीट बसवलंय, टॅमर. हलणार नाही." मला वाटतं चर्चचं म्हणत होता. दक्षिणेला त्याला जागा मिळाली, उन्हात. तिच्यापासून लांब. मधे सबंध चर्च.

घर किती शांत झालंय. हा माणूस बोलतो म्हणून किती चिडले आयुष्यभर!

रविवार, २१ जानेवारी १८८३

चर्चमधून येऊन टोपीसकट लिहायला बसले.

आज मिस्टर फेननी प्रवचनानंतर जाहीर केलं. हे आमचे नवे पाद्री, तरुण, दक्षिणेकडचे, चांगले आहेत. नवीन गिरणी झाल्यापासून गावात माणूस मावत नाही, हे खरं आहे. लोक दारात उभे राहतात. सगळे बाक भाड्याचे, दारं लावलेले, गरिबाने बसायचं कुठे? म्हणून चर्च वाढवायचं. भिंत फोडून तिथे खांब आणि कमानी, पलीकडे एक लांब पडवी. त्यातले सगळे बाक कुणीही येऊन बसावेत असे, बिनभाड्याचे. कल्पना चांगली आहे. मी मान डोलावत होते.

मग म्हणाले – उत्तरेच्या बाजूला.

आणि काम इनॉककडे. माझा इनॉक आता स्वतः माणसं ठेवून कामं घेतो. चर्चभर लोक वळून माझ्याकडे बघून हसत होते, पोराने नाव काढलं म्हणून. मी पण हसले.

नकाशात नवा पाया नेमका जाळीवरून जातो. माझाच मुलगा तिथे कुदळ घालणार.

बुधवार, २४ जानेवारी

दक्षिणेला का नको? इनॉकला सहज विचारलं. म्हणाला, "दक्षिणेला कबरी आहेत ना, आई. लोकांची माणसं आहेत तिकडे. उत्तर रिकामी आहे."

मंगळवार, २७ मार्च

शाळेच्या खोलीत चहाची सभा. मिस्टर फेननी नकाशा भिंतीवर लावला होता. मी ठरवूनच गेले होते. उठून म्हटलं, उत्तरेची बाजू ओली असते, तिकडे बसून गरिबांच्या पोरांना खोकला होईल.

लगेच केटूरा उठली. "तेच म्हणणार होते मी. ओल." माझा मुद्दा माझ्या तोंडातून काढून घेतला! ती माझ्या बाजूने बोलली यात मला आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त राग आला. या बाईला स्वतःचं असं काही सुचत नाही.

मग खानावळीची डॉर्कस. तिचं म्हणणं, उत्तरेच्या फाटकाशी गिऱ्हाइकांचे घोडे बांधतात, ते कुठे बांधायचे? कुणीतरी म्हणालं, "डॉर्कसबाई, तुमच्याकडे शेवटचा घोडा येऊन सात वर्षं झाली." सगळे हसले. ती लाल झाली पण बसली नाही.

मग मिस पर्सिस! रविवारच्या शाळेच्या बाई, तीस वर्षांत सभेत तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नसेल. लग्न नाही, कार्य नाही, आवाज सुद्धा नाही. उभी राहून म्हणाली, उत्तरेच्या झाडांत कावळ्यांची घरटी आहेत, कृपा करून त्यांना त्रास देऊ नये. आणि रुमाल तोंडाला लावून खाली बसली. कावळ्यांसाठी रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

मिस्टर फेन बिचारे नकाशाकडे आणि आमच्याकडे बघत राहिले. "बायांनो, उत्तर दिशेने तुमचं असं काय बिघडवलं आहे?"

केटूराचा नवरा म्हणाला, "साहेब, आमच्या हिला पूर्व-पश्चिमही फारशा आवडत नाहीत." झालं. सगळी खोली हसण्यात बुडाली आणि उत्तरेची पडवी मंजूर झाली.

एकीचंही कारण धड असतं तर चाललं असतं. असल्या मदतीपेक्षा मी एकटी बोलले असते तर बरं.

शनिवार, १२ मे

झोप नाही. जेवण नाही. इनॉक म्हणतो डॉक्टरला बोलावू. डॉक्टर काय करणार.

काय काय मनात येतं. कुदळ फळीत शिरेल. कुणीतरी मजूर म्हणेल, हे काय, कुत्र्याचं का मांजराचं? आणि ढिगाऱ्यावर टाकेल. इनॉक म्हणेल, चला पुढे.

रविवार, १० जून

उद्या खणायला लागणार. आज सांगितलं.

सांगितलं म्हणजे काय – त्याच्यापुढे चहा ठेवला, भाकरी ठेवली, लोणी ठेवलं, मग पुन्हा लोणी ठेवलं. तो म्हणाला, "आई, लोणी आलंय." मग म्हणाला, "तुला ती पडवी का नको आहे? ओलीचं सांगू नकोस. मी पाथरवट आहे, मला ओल कळते."

मी म्हटलं, "तिथे तुझी बहीण आहे."

सगळं सांगितलं. टोपली, ती म्हातारी, फळ्या, बिशप. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि बोलायला फार वेळ लागला नाही, चहा अजून गरम होता. मला वाटलं तो रागावेल, इतकी वर्षं लपवलं म्हणून. किंवा हसेल, बिशपच्या फळ्यांवर. तो टेबलावर हात ठेवून बसून राहिला, अगदी बाप बसला होता तसा.

मग विचारलं, "नाव काय होतं?"

मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. सुईणीने नाही, जेबेझनेही नाही. मीही मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं, बाप्तिस्म्याशिवाय नाव कसलं म्हणून.

"लोइस," मी म्हटलं.

"लोइस," तो म्हणाला. मग टोपी घेतली. "उद्या तिकडची माती मी स्वतः काढतो. माणसं दुसऱ्या टोकाला लावतो. तू घरीच थांब आई. तिथे येऊन उभी राहू नकोस."

सोमवार, ११ जून

घरीच थांबले. दोनदा दारापर्यंत गेले, एकदा फाटकापर्यंत.

उशिरा आला. हात धुऊन बसला. म्हणाला, "सापडली. वर दगड आहे, बाबांनी बसवलेला. उचलला नाही. हात सुद्धा लावला नाही. सगळं नीट आहे."

"आणि पाया?"

"पाया बाहेर घेतो. जाळीच्याही पलीकडे, सहा फूट. म्हणजे भिंत तिच्यावरून जाणार नाही. ती आत राहील. वर फरशी." मग म्हणाला, "चर्चच्या आत, आई."

मी त्याचा हात धरून बसले. त्याचे हात थंड होते. एवढ्या कामाची सवय असलेला माणूस, आज फार थकलेला दिसला. एका दगडाभोवतीची माती काढायला सबंध दिवस लागला म्हणाला.

बुधवार, १३ जून

नकाशा काढणारे साहेब शहरातून येऊन भडकले. पडवी सहा फुटांनी रुंद म्हणजे छपराची लाकडं बदलायची, कमानीचा तोल बदलायचा, सगळंच. इनॉकने एकच लावून धरलं, जमीन भार घेणार नाही. त्यांनी मिस्टर फेनना बोलावलं. मिस्टर फेन खड्ड्याच्या कडेपर्यंत गेले, बराच वेळ खाली बघत राहिले, मग इनॉककडे हात करून म्हणाले, "मिस्टर सटक्लिफना या जमिनीची माझ्याहून जास्त माहिती आहे. रुंद करा."

"त्यांना कळलं का रे?" मी विचारलं.

"माहीत नाही. टोपी काढून उभे होते."

"ऊन होतं म्हणून असेल."

"असेल," इनॉक म्हणाला.

शनिवार, २२ सप्टेंबर

जुनी भिंत फोडली. जेबेझची भिंत. एकेक दगड उतरवून नव्या भिंतीत वापरताहेत. मला वाटलं होतं वाईट वाटेल. तसं वाटलं नाही. आता आतून बघितलं की सरळ तिच्यापर्यंत दिसतं.

सोमवार, १४ एप्रिल १८८४

फरशी घालून झाली. इनॉक मला घेऊन गेला, कुणी नव्हतं तेव्हा. खिडकीखालच्या तिसऱ्या बाकापाशी उभा राहून म्हणाला, "इथे." नंतर उगाच बाकांच्या रांगेकडे बघत म्हणाला, "साधारण." मी म्हटलं, साधारण काय, नेमकं सांग. म्हणाला, "इथेच, आई. बस."

बसले. पायाखाली गुळगुळीत दगड. मला तिच्या इतक्या जवळ बसायला कधी मिळालंच नव्हतं, वर छप्पर, पाऊस नाही, केटूरा नाही.

रविवार, ४ मे

पडवीची पहिली प्रार्थना. बिशप आले होते, नवे. मी पाऊण तास आधी जाऊन पोचले, तिसरा बाक गाठायला.

केटूरा बसली होती! तिसऱ्या बाकावर, अगदी मधोमध, काळी टोपी, काळे हातमोजे. पुढे तिचा स्वतःचा बाक आहे, दार आहे, गालिचा आहे, नवरा तिथे एकटा बसून मागे वळून वळून बघत होता.

"तुझा बाक तिकडे आहे," मी म्हटलं.

"मला माहीत आहे माझा बाक कुठे आहे."

"हे गरिबांसाठी आहे."

"मग तू बस की. मी कुठे अडवलंय?" आणि बोटभर सरकली.

बसले, काय करणार. मागच्या बाकावर डॉर्कस येऊन आदळली, धापा टाकत. पडवीला सगळ्यांत जास्त विरोध यांचाच, आणि पहिल्या जागा पटकावायलाही याच! मिस पर्सिस कोपऱ्यात भिंतीला लागून बसली होती, शाळेची मुलं सोडून. मुलं तिकडे धिंगाणा घालत होती, तिचं लक्ष नव्हतं. आणखी दोघी म्हाताऱ्या विणकरणी होत्या, टेकडीपलीकडच्या. त्या तर एरवी नाताळाशिवाय येत नाहीत.

मनातून मी इतकी चरफडत होते की पहिलं स्तोत्र म्हटलंच नाही. मग गुडघे टेकायची वेळ आली. केटूरा शेजारी वाकली. तिने उजवा हातमोजा काढला. मला वाटलं काही पडलंय, शोधतेय. नाही. तिने हात फरशीवर ठेवला. सपाट, सगळी बोटं पसरून. आणि तसाच ठेवला, सबंध प्रार्थना होईपर्यंत. डोळे मिटलेले होते.

मीही तसाच ठेवला होता.

उठताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तिला उठायला जमेना, गुडघे धरले होते, तेव्हा मी हात दिला, आणि तिने घेतला.

इनॉक आज त्याच्या सासुरवाडीला गेलाय. उद्या सकाळी येईल.

सोमवार, ५ मे

इनॉक दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच विचारलं, "तिथे किती होत्या?"

त्याने टोपी काढली. "सात. एका रांगेत, हातभर अंतराने. प्रत्येकीवर दगड, आणि प्रत्येक दगडावर बाबांची पाथरवटाची खूण कोरलेली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लोइसचं विचारलं होतंस. बाकीच्या सहा जणींचं सांगायचा हक्क माझा नव्हता," तो म्हणाला. "बाबांनी तरी कुठे कुणाला सांगितलं?"